वंजळ धर

आमच्या गेमच्या तिसऱ्या लेव्हलला एक राखणदार आहे. उंच ओट्यावर उभा असतो, हातात तांब्या, डावा डोळा अर्धा मिटलेला. आटलेली नदी शोधत निघालेली मुलगी तहानेनं व्याकूळ होऊन त्याच्यासमोर येते, तेव्हा तो म्हणतो, "खाली बस. वंजळ धर." खेळणाऱ्यानं मुलीला खाली बसवलं की तो वरून पाण्याची धार सोडतो. मुलीची तहान भागते, पण ती थोडी लहान होते. पुन्हा प्यायली की आणखी लहान. शेवटी ओट्याची पहिली पायरीसुद्धा तिच्या डोक्यावर जाते आणि खेळ संपतो. पुढं जायचं असेल तर तहान सोसून उभंच राहायचं, पायऱ्या चढायच्या आणि तांब्या त्याच्या हातातून काढून घ्यायचा.

ही लेव्हल मी लिहिली. सूड म्हणून लिहिली. हे स्पष्ट सांगायची वेळ आली, कारण मधल्या काळात लोकांनी तिचं भलतंच काहीतरी करून टाकलं.

आमचं गाव भोकरदन तालुक्यात, केदारखेड्याच्या पुढं. माय ज्यांच्या शेतात खुरपायला आणि कापूस वेचायला जायची, त्यांना आम्ही मालक म्हणायचो. दिवाळीच्या सुट्टीत मीही तिच्याबरोबर जायचो. दुपारी सगळे आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या त्यांच्या घरापाशी, पाणी प्यायला जमायचे. बाकीचे मजूर रांजणावरचा गिलास घेऊन स्वतः पाणी प्यायचे. आम्ही बौद्ध वस्तीतली माणसं आलो की मालक स्वतः उठायचे, तांब्या भरायचे आणि ओट्याच्या कडेला येऊन उभे राहायचे. "खाली बस. वंजळ धर." मग डावा डोळा बारीक करून, नेम धरल्यासारखी वरून धार सोडायची. धोतरावर शिंतोडा येऊ नये म्हणून तो नेम. मायच्या कोपरांवरून पाणी ओघळून पोलक्यात जायचं. ती पदरानं हात पुसायची आणि पुन्हा आपल्या तासाला, पिकाच्या ओळीला, लागायची.

एकदा मी घरून स्टीलचा गिलास नेला. शाळेत बक्षीस मिळालेला होता, त्याचा मला फार अभिमान होता. मालकांनी तो माझ्या हातातून न घेता काठीनं खूण करून जमिनीवर ठेवायला सांगितला आणि ओट्यावरून धार धरली. निम्मं पाणी गिलासात, निम्मं मातीत. चिखलाचे थेंब उडून गिलासात पडले.

"घ्या साहेब," मालक म्हणाले. "गिलासात पेयाची हौस ना?"

लोक हसले. त्या हसण्यात आमच्याबरोबर सरीत कापूस वेचणाऱ्या बायाही होत्या. घरी आल्यावर मायनं तो गिलास राखेनं घासला, धुतला, पुन्हा घासला आणि वरच्या फळीवर पालथा ठेवून दिला. मी तो परत कधी काढला नाही.

पुढं मी शिकलो. स्कॉलरशिपच्या परीक्षेसाठी सुट्टीच्या दिवशीही शाळा उघडणारे आमचे गुरुजी, जालन्याच्या वसतिगृहातले वॉर्डन, आणि बसच्या पाससाठी पोळ्याला नवं लुगडं न घेणारी माय, एवढ्यांचं माझ्यावर ऋण आहे. आमच्या गल्लीत पदवी मिळवणारा मी पहिला. ज्या फोटोंसमोर आम्ही वंदना घेतो, त्यांच्याखाली मायनं माझं प्रमाणपत्र वर्षभर ठेवलं होतं. पण एक कबूल करतो. अभ्यास करताना मला नेहमी कृतज्ञताच आठवायची असं नाही. झोप यायला लागली की मी त्या मातीतल्या धारेचा आवाज आठवायचो. झोप जायची.

आता मी जालन्यात खोली घेऊन राहतो आणि एका छोट्या गेम कंपनीसाठी घरूनच काम करतो. गोष्ट आणि संवाद लिहिणं माझ्याकडं. या कामात आल्यापासून लोक मला एक प्रश्न हमखास विचारतात: गेममध्ये ती देवळं, ते साप, ती झाडं, ते डोळे असतात, ते मुद्दाम घातलेलं असतं का? खरं सांगायचं तर आमच्या मीटिंगमध्ये अशा गोष्टी फार साध्या कारणानं ठरतात. चित्रं काढणारी मुलगी कमळ काढते, कारण रिकामी भिंत तिला बघवत नाही. टीम लीडचा एकच नियम होता. "देवळासारखं दिसू दे, पण कुणाचं देऊळ ते कळू देऊ नको. उद्या कुणी तक्रार केली तर मी तुला पुढं करीन."

मी मात्र काही गोष्टी मुद्दाम घातल्या होत्या. त्या मुलीची ओढणी निळी करून घेतली, आणि तिच्या बांगडीवर आठ आऱ्यांचं चाक काढून घेतलं. आमच्या वस्तीतलं शेंबडं पोरही ते चाक कशाचं हे सांगेल. शिवाय राखणदाराच्या तोंडचा तो एक शब्द.

"वंजळ?" टीम लीड म्हणाला. "ओंजळ कर ते. टायपो वाटतोय."

"टायपो नाही सर. तो माणूस तसंच बोलतो."

"कोणता माणूस?"

"राखणदार," मी म्हणालो.

राखणदाराचा डोळा, धोतराचा काठ, तांब्या धरायची तऱ्हा, सगळं मी त्या चित्रकार मुलीला इतक्या वेळा समजावून सांगितलं की ती वैतागली. मला एवढंच हवं होतं की ही लेव्हल कधीतरी मालकांच्या नजरेस पडावी, त्यांनी स्वतःला ओळखावं, आणि देशभरातली अनोळखी पोरं रोज त्यांच्या हातातून तांब्या हिसकावून घेतात हे त्यांनी बघावं.

गेम आला, बऱ्यापैकी चालला. मग एका मुलानं त्याच्यावर व्हिडिओ केला. गेममधली पुराणातली प्रतीकं उलगडून सांगणं हा त्याचा उद्योग. त्याला बघणारे पुष्कळ. त्यानं तिसरी लेव्हल थांबवून राखणदाराच्या डोळ्याभोवती लाल गोल काढला. एक डोळा अधू, हातात पाण्याचं भांडं, समोर तहानलेला जीव. म्हणजे कोण? तर शुक्राचार्य. बळीराजा वामनाला दान द्यायला निघाला, तेव्हा दानाचं पाणी पडूच नये म्हणून जे झारीच्या तोटीत शिरून बसले आणि दर्भाच्या टोकानं एक डोळा गमावून बसले, ते. "हा राखणदार खलनायक नाहीच," तो मुलगा भारावून म्हणत होता. "शिष्यासाठी डोळा देणारा हा गुरू आहे. तो मुलीची परीक्षा घेतोय. आणि 'वंजळ' हे ओंजळचं प्राचीन रूप आहे, म्हणजे लेखकानं केवढा अभ्यास केलाय बघा!" निळी ओढणी त्याला आभाळ वाटली. चाकाबद्दल तो एक अक्षर बोलला नाही.

खाली कॉमेंटमध्ये लोक हात जोडत होते. मालकांना हात जोडत होते.

मी त्या दिवशी जेवलो नाही. जे मी मुद्दाम घातलं ते कुणाला दिसलं नाही, आणि जे घातलंच नाही ते सगळ्यांना दिसलं. मी स्वतःलाही प्रामाणिकपणे विचारून पाहिलं. चौथीत दिवाळीच्या आधी गुरुजींनी बळीची गोष्ट सांगितली होती. डोक्यावर पाय ठेवून बळीला खाली दाबला, एवढं मला पक्कं आठवत होतं. तोटीतला तो दुसरा माणूस माझ्या मनात कुठं राहून गेला असेल का? शपथेवर नाही म्हणता येणार नाही. लिहिणाऱ्याच्या हातातून काय काय उतरतं, हे त्यालाही पुरतं माहीत नसतं. पण माझा हात चालवला तो तांब्यानं, झारीनं नव्हे. आणि त्या माणसाला गुरू म्हटलेलं मला सहन होईना.

व्हिडिओ गावातही पोचला. मालकांची नात जालन्यात कॉलेजला होती, तिनं घरी दाखवला. महिन्याभरानं सरपंचांचा फोन आला. शाळेच्या पटांगणावर माझा सत्कार ठेवला होता. आपल्या गावच्या पोरानं गेममध्ये धर्म आणला म्हणून. अध्यक्ष कोण, असं मी विचारलं.

"दुसरं कोन? मालकच. त्यांनीच विषय काढला."

मी येतो म्हणालो. एवढंच सांगितलं की शाळेचा प्रोजेक्टर लावून ठेवा.

मालक आता थकले होते, पण काठी टेकत स्टेजवर ताठ चढले. पुढं खुर्च्या, मागं सतरंजीवर आमच्या वस्तीतल्या बाया, त्यांच्यात माय. नातीनं सूत्रसंचालन केलं, तो व्हिडिओ वाखाणला. मालकांनी मला शाल घातली, नारळ दिला आणि माईक घेतला.

"ह्याची माय आमच्या शेतात कामाला व्हती. हे पोरगं आमच्याच आखाड्यावर खेळून मोठं झालं. आमच्या हातचं पानी पेलंय ह्यानं. मंग धर्म कुठं जातो? बराबर उतरला का न्हाई?"

टाळ्या झाल्या. मागच्या सतरंजीवरून फार आल्या नाहीत.

माझी पाळी आली. घरून तयार करून आणलेलं भाषण मी खिशातच ठेवलं. पडद्यावर तिसरी लेव्हल लावली. "आमच्या गेममध्ये राखणदाराला आवाज दिलेला नाही," मी म्हणालो. "नुसती अक्षरं उमटतात. मालकांचा आवाज चांगला आहे. त्यांनीच वाचून दाखवावं अशी माझी इच्छा आहे."

मालक खूश झाले. नातीनं माईक त्यांच्या तोंडाशी धरला. पडद्यावरची अक्षरं लावायला त्यांनी डावा डोळा बारीक केला.

"खाली बस," त्यांनी मोठ्यांदा वाचलं. "वंजळ धर."

कर्ण्यातून ते शब्द शाळेच्या भिंतीवर आपटून परत आले. वर पडद्यावर एक डोळा मिटून उभा असलेला माणूस, खाली तसाच डोळा मिटून उभे असलेले मालक. मागं कुणीतरी खोकलं. मग आमच्या शेजारची म्हातारी, जी आयुष्यभर मायच्या बरोबरीनं खुरपत आली होती, ठसक्यात म्हणाली, "अगं माय माय! हे तर आखाड्यावरचंच की गं. तांब्या बी तोच!"

सतरंजीवर हसू फुटलं. ते मजेचं हसू नव्हतं. पुढच्या खुर्च्यांवर कुणी हसलं नाही. माना मात्र पडद्याकडून मालकांकडं आणि मालकांकडून पडद्याकडं फिरत राहिल्या. तिथल्या कितीतरी जणांनी तेव्हा रांजणावरच्या गिलासानं पाणी पिताना आमच्याकडं बघितलेलं होतं.

मालकांचे दोन्ही डोळे आता उघडे होते. "हे कोन लिव्हलं?"

"लिहिलं मी," मी म्हणालो. "बोलायचे तुम्ही."

"तवाची रीतच तशी व्हती," ते म्हणाले. माईक अजून समोर होता, त्यामुळं तेही सगळ्यांना ऐकू गेलं.

मी खेळ पुढं नेला. मुलगी बसली नाही. एकेक पायरी चढली, तांब्या काढून घेतला. मग पडद्यावरचा राखणदार ओट्यावरून खाली उतरतो, गुडघे टेकतो आणि दोन्ही हातांची वंजळ पुढं धरतो. मी तिथंच थांबलो. सगळ्यांना नीट बघू दिलं.

नात पडद्याकडं बघत होती. तिचा चेहरा उतरला होता. हळूच म्हणाली, "दादा, आता त्यांना पाणी कसं द्यायचं?"

"देता येत नाही. तसं बटण मी ठेवलेलं नाही."

टीम लीडनं ते बटण ठेव म्हणून माझ्याशी किती वाद घातला होता. खेळणाऱ्याला दया दाखवायची संधी हवी म्हणे. मी हटलो नव्हतो. त्या संध्याकाळीही मला त्याचा पस्तावा झाला नाही, आणि हे लिहितानाही होत नाही. नातीची चूक नव्हती, हे मला कळतं. तरी तिच्यासाठीसुद्धा मी ते बटण ठेवणार नाही.

सरपंचांनी घाईनं आभार मानले. पाण्याच्या बाटल्या वाटल्या गेल्या. मालकांनी त्यांची उघडली नाही.

घरी जाताना मला वाटत होतं, माय काहीतरी बोलेल. ती म्हणाली, "शाल चांगली हाय. थंडीत कामाला येईल." घरात शिरल्यावर तिनं शालीची घडी घातली, चुलीपुढं बसली आणि हात पुढं केला.

"दाखव बरं तुझा खेळ. मला खेळू दे."

मी तिसरी लेव्हल लावून मोबाईल दिला. तिला सवय नव्हती, अंगठा कुठंही पडायचा. मुलगी मटकन खाली बसली. धार सुटली. मुलगी लहान झाली. मायचा अंगठा पुन्हा तिथंच पडला, पुन्हा धार, मुलगी आणखी लहान. मायनं मोबाईल डोळ्यांजवळ नेला. त्या बांगडीवर तिचं बोट थांबलं.

"हे चाक आपलंच ना रे?"

"आपलंच."

"मंग ही बसून काय करून राह्यली?" माय चिडून म्हणाली. "हिला उठवायला काय दाबायचं, ते सांग आधी."

मी तिचा अंगठा धरून बटणावर ठेवला.