डावा पाय नर्सचा

गाडीत वास येत होता आणि मी नवा ड्रायव्हर होतो. मामाची रूट टॅक्सी हातात येऊन दुसराच आठवडा, म्हणजे स्टिअरिंग जमलं होतं, अक्कल यायची होती. जमैकाच्या डोंगरातल्या लिंटन गॅपहून खाली बाजारापर्यंतचा आमचा रस्ता. पुढे दोघं, मागे चौघं आणि कुणाच्या तरी मांडीवर एखादं पोर. कोण चढलं ते बघणं माझं काम नाही, भाडं मोजणं माझं काम, असा माझा समज. एका वळणावर मी मोठ्यानं विचारलं, "खारा मासा कुणी आणलाय? डिकीत टाका तो, लोकांना श्वास तरी घेऊ द्या!" आणि सगळ्या काचा खाली केल्या.

कुणी हसलं नाही. मला वाटलं ऐकू गेलं नसेल, म्हणून तोच विनोद पुन्हा केला.

तेव्हा मागून माझ्या खांद्यावर दोन बोटं टेकली. "इथंच थांबव." आरशात बघितलं तर मिस व्हिनेट. लांब झगा, ऐन उन्हात डाव्या पायात जाड लोकरी मोजा, मांडीवर कापडाचं गाठोडं. त्या उतरल्या, बाजारापर्यंतचं पूर्ण भाडं दिलं आणि डावा पाय ओढत रस्त्याच्या कडेनं चालू लागल्या. मग मागचा एक म्हातारा म्हणाला, "ड्रायव्हर, शाळेत असताना तुझ्या खाकी पँटी कोण शिवायचं रे?"

मिस व्हिनेटच शिवायच्या. गावातल्या कुठल्याही पोराच्या शिवणीवर एकदा तरी त्यांचं बोट फिरलेलं आहे. त्या लंगडतात हे सगळ्यांना माहीत होतं. मोज्याच्या आत काय आहे, हे मोठ्या माणसांना माहीत होतं आणि माझ्यासारख्या शहाण्यांना नव्हतं.

घरी आईला सांगितलं. माझी आई सिस्टर मर्लीन, चर्चमधल्या बायकांची पुढारी. चप्पल दारात तिरकी काढली तरी मला अर्धा तास ऐकवते. त्या दिवशी मात्र भांडं घासत होती, तेच पुन्हा घासायला लागली.

संध्याकाळी माफी मागायला गेलो. मिस व्हिनेट पायमशीनवर बसल्या होत्या. उजव्या पायानं पायडल मारत होत्या, डावा बाजूला लोंबत होता.

"ये ड्रायव्हर. सापडला का मासा?"

मी खाली मान घालून माफीचं काहीतरी पुटपुटलो.

"माफी शिजवून खाऊ का मी? एक पौंड खारा मासा आण. जाड तुकडा, काटे कमी. त्याच्यासोबतची ॲकीची फळं माझ्या झाडाची. दोघं मिळून न्याहारी करू. आणि सोमवार-गुरुवार मला दवाखान्यात सोडायचं. पुढच्या सीटवर, काच उघडी."

"शुक्रवारी आणतो मासा," मी म्हटलं. सोमवार-गुरुवार लगेच सुरू झाला; मासा मात्र दर वेळी पुढच्या शुक्रवारवर गेला.

त्यांना सिकलसेल होता, रक्ताचा जन्मजात आजार. तिशी बघणार नाही, असं लहानपणी कुणा डॉक्टरनं सांगितलेलं. तो डॉक्टर गेला, त्याच्या मुलाच्या लग्नाचा सूटही ह्यांनीच शिवला, आणि आता पन्नाशी आली होती. एकोणीसच्या असताना घोट्याशी डास चावला, खाजवलं, फोड आला, फुटला. तो आजवर भरला नव्हता. भरत आला की एखाद्या थंडीत पुन्हा उघडायचा. घोटा आखडून लाकूड झाला होता. लग्न ठरलं होतं, ते ह्या पायापाशी थांबलं. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. माझ्या गाडीत बसणारे लोक सगळं सांगतात.

दवाखान्यात गेल नावाच्या नर्स होत्या. पडदा पातळ आणि माझं बाकडं पडद्याला लागून, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं.

"काय गं व्हिनेट, रात्री पाय उशीवर होता की मशीनखाली?"

"उशीवरच होता, नर्स. उशी मशीनजवळ होती."

"मग पुढच्या वेळी पट्टी मशीनलाच बांधते. हलू नकोस. ओढायचं नाही, भिजू दे."

हे शेवटचं नर्स गेल दर खेपेला म्हणायच्या. उकळून गार केलेलं मिठाचं पाणी पट्टीवर सोडत राहायचं, पट्टी आपणहून सुटेपर्यंत. मग कच्ची पपई किसून जाळीच्या कापडावर पसरायची आणि जखमेवर ठेवायची. "मेलेलं मांस खाते ती, जिवंताच्या वाटेला जात नाही. आपल्याकडची माणसं असती तशी तर!" वरून जस्ताच्या मलमाची पट्टी, बोटांपासून गुडघ्याखालपर्यंत, घट्ट. दर महिन्याला पारदर्शक प्लास्टिक जखमेवर धरून पेननं कड गिरवायच्या.

"फेब्रुवारीत क्यूबा होता," एप्रिलमध्ये नर्स गेल म्हणाल्या. "आता बघ, जमैका."

"मला त्याहून लहान बेट हवंय, नर्स. कुणीच राहत नाही असं."

जूनमध्ये एकदा सरीवर सर आली म्हणून मी काचा वर केल्या. गाडी भरलेली होती. वास आता येत नव्हता, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. मिस व्हिनेटच्या मात्र आलं. त्यांनी काचेवर बोटानं टकटक केलं आणि बाहेर बघत राहिल्या.

त्याच दिवशी मला कळलं की त्यांना नेमकं काय हवंय. आमच्या शनिवारच्या चर्चमध्ये दर तीन महिन्यांनी पाय धुण्याचा विधी असतो. बायका एका खोलीत, पुरुष दुसऱ्या. जोडीजोडीनं बसायचं, एकीनं गुडघे टेकून दुसरीचे पाय परातीत धुवायचे, टॉवेलनं पुसायचे, मग दुसरीनं पहिलीचे. ते टॉवेल मिस व्हिनेट शिवून द्यायच्या, चारी कडा दुमडून. स्वतः दाराशी उभ्या राहून वाटायच्या आणि शेवटी ओले गोळा करायच्या. फार वर्षांपूर्वी त्यांची एक जोडीदारीण होती. एका विधीला ती म्हणाली, आज माझ्या हातांना सर्दी झालीय, पाण्यात घालवत नाहीत, आणि दुसऱ्या परातीपाशी जाऊन बसली. तेव्हापासून मिस व्हिनेटनी दार धरलं.

"सप्टेंबरात मी बसणार," त्या म्हणाल्या. "मोजा न घालता. बघच तू."

जुलैअखेर बेट तांदळाच्या दाण्याएवढं झालं. नर्स गेलनी हुकूम काढला: मशीन बंद, पाय वर, ऑक्टोबरपर्यंत. मिस व्हिनेटनी मशीनवर चादर टाकली आणि हुकूम पाळलाही, निदान पहिले काही दिवस.

पण ऑगस्ट म्हणजे गणवेशांचा महिना. फाटकाशी लोक येऊ लागले. एकच पँट, मिस व्हिनेट. फक्त कॉलर. पोरीची पहिली शाळा आहे हो. शहरातला शिंपी दुप्पट मागतो आणि बगलेत उसवतं. आईनं माझ्याच हाती माझ्या भाचीच्या शाळेच्या दोन झग्यांचं निळं कापड पाठवलं. मी मुकाट्यानं नेलं. चादर तेव्हा घडी करून खुर्चीवर ठेवलेली होती.

"नर्सना सांगू का?" मी विचारलं.

"सांग. आणि तुझ्या भाचीला चादर गुंडाळून शाळेत पाठव."

विधीच्या आधीच्या गुरुवारी पडद्याआड पट्टी सुटली आणि पेनची टोपी निघाल्याचा आवाज आला. मग मिस व्हिनेटचा आवाज आला, "किती?"

"पुन्हा उघडलीय. दोन बोटं."

"शनिवारपर्यंत कुणाला कळू देऊ नका, नर्स."

"मी कुणाला सांगणार? शिव्या देण्यासारखं एकच माणूस इथं आहे, आणि आज माझ्याच्यानं त्याला शिव्या देववत नाहीत."

शनिवारी मी पुरुषांच्या खोलीत चर्चचे सेवक, डीकन हिबर्ट, ह्यांच्या टाचा धूत होतो. त्यांच्यावर नारळ किसता आला असता. पलीकडच्या खोलीत काय झालं ते आईनं रात्री जेवताना सांगितलं, ताटाकडे बघत.

मिस व्हिनेट ह्या वेळी दाराशी उभ्या राहिल्या नाहीत. आत येऊन बाकावर बसल्या. नवे चपटे बूट, उजवा पाय उघडा, डाव्यात मोजा. बाकीच्या बायका आपापल्या जोड्या शोधण्यात फारच गर्क झाल्या. आई उठली आणि त्यांच्यासमोर गुडघे टेकून बसली.

"त्या वेळी हातांना सर्दी झालेली, ती मीच," आई मला म्हणाली.

मी घास तसाच धरून बसलो.

तिनं उजवा पाय धुतला, बोटांच्या बेचक्यांसकट. पुसला. मग डाव्या मोज्याला हात घातला. मिस व्हिनेटनी तिच्या हातावर हात ठेवला.

"एक पुरे, मर्लीन. दुसरा नर्सचा आहे."

मग गुडघा वाकेना म्हणून त्यांनी स्टूल मागितलं आणि बसल्याबसल्या आईचे दोन्ही पाय धुतले.

नोव्हेंबरात उत्तरेचा गार वारा सुटला. मिस व्हिनेटच्या हाडांत कळा सुरू झाल्या, मग छातीत. मी गाडी रिकामी करून त्यांना मोठ्या इस्पितळात नेलं. वाटेत म्हणाल्या, "काच लाव रे, थंडी वाजते." रविवारी त्या गेल्या.

अंत्यविधीसाठी देह तयार करतात त्या दुकानात नर्स गेल आपली पिशवी घेऊन आल्या, सुट्टीच्या दिवशी. दुकानदार म्हणाला, "नर्स, आता कसली पट्टी?"

"उघडा पाय घेऊन ती कधी कुठं गेली नाही. सरक."

आई माझ्याबरोबर आली होती, हातात चर्चचा टॉवेल, चारी कडा दुमडलेला. दारातच थबकली. नर्स गेलनी मागे वळूनही बघितलं नाही. "सिस्टर मर्लीन, टाच धरा. ओढू नका, भिजू द्या."

आईनं टाच धरली. मी बाहेर येऊन गाडीत बसलो आणि सगळ्या काचा खाली केल्या, कशासाठी ते मलाही सांगता येणार नाही.

जानेवारीत त्यांच्या अंगणातल्या ॲकी लाल होऊन उघडल्या. तोडायला कुणी नव्हतं, म्हणून आई पिशवी भरून घेऊन आली. ओट्यावर ओतून साफ करायला बसली, काळ्या बिया एका बाजूला, पिवळा गर एका बाजूला.

"मासा कुठाय?" तिनं विचारलं.

"शुक्रवारी आणतो," मी म्हटलं.