काय गायब झालं ते सांग

रेकॉर्ड ऐकायची असली की रामटेके काका भिंतीकडे तोंड करून बसत. पाठीमागच्या टेबलावर दोन रेकॉर्ड प्लेअर आणि टेबलापाशी कुसुमकाकू. दोन्हींवर एकच अल्बम, पण वेगवेगळ्या काळी छापलेला; एक जुना, एक नव्याने साफसूफ करून बाजारात आणलेला. काकू आधी एक लावत, तो संपला की दुसरा. कोणता आधी लावला ते काकांना सांगायचं नाही, आणि मध्ये काही बोलायचं नाही, हा नियम.

आम्ही बेसा भागातल्या त्या नव्या इमारतीत राहायला गेलो, तेव्हा वरच्या मजल्यावरून संध्याकाळी तीच सुरावट दोनदा, कधी तीनदा ऐकू यायची. एका रविवारी न राहवून वर गेलो. काकूंनी दार उघडलं, ओठांवर बोट ठेवलं आणि खुर्ची दाखवली. वाजवणं संपल्यावर काका वळले. माझं नाव-गाव काही विचारलं नाही.

"काय गायब झालं?" म्हणाले.

मी गडबडलो. "मला दोन्ही सारखीच वाटली. दुसरी जरा स्वच्छ होती."

"स्वच्छ आहेच ना गा. भांडं घासता घासता कल्हई बी गेली, ते नाही दिसलं तुले?"

मी एका कॉलेजात गणित शिकवतो. जॅझ म्हणजे काय हे मला तोवर माहीत नव्हतं, आणि काकांना भेटलो नसतो तर पुढेही कळलं नसतं. त्यांचे वडील गिरणीत होते, आणि घरी भीमगीतांपलीकडे दुसरं संगीत नव्हतं. रेल्वेच्या ऑफिसात नोकरीला लागल्यावर त्यांना एक अँग्लो-इंडियन साहेब भेटले. ते कायमचे ऑस्ट्रेलियाला निघाले तेव्हा सामानात न मावलेली एक रेकॉर्ड त्यांनी काकांच्या हातात ठेवली. तिथून हे सगळं सुरू झालं. "हे लोक एकमेकाले विचारून नाही वाजवत," काका सांगायचे, "ऐकून वाजवतात. आपल्या ऑफिसात असं कोणी केलं असतं तं मेमो भेटला असता."

त्या पहिल्या रेकॉर्डच्या पुढे जितक्या आवृत्त्या निघाल्या, तितक्या त्यांनी मागवल्या. जपानात छापलेली, सीडीवरची, पुन्हा जाड रेकॉर्डवर आलेली. तिच्यात एक संथ रचना होती. सॅक्सोफोनवाला एक सूर लांबवत नेतो, तो संपवतो आणि पुढच्या ओळीआधी श्वास घेतो. साहेबांच्या झिजलेल्या रेकॉर्डवर तो श्वास ऐकू यायचा, खरखरीतून, पण स्पष्ट. सीडी काढणाऱ्यांनी खरखर पुसली आणि तिच्याबरोबर श्वासही पुसला. जपानी रेकॉर्डवर तो होता, पण फार दबलेला. काकांचा सगळा संग्रह त्या श्वासाभोवती फिरायचा. "माणूस ठेवा ना गा," ते म्हणायचे. "सूर तं मशीन बी काढते."

त्यांच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला पुण्यातल्या मुलाने, राहुलने, त्यांचा जुना लग्नाचा फोटो स्टुडिओतून नवा करून आणला. तडे गेले होते, डाग गेले होते, आणि काकूंचा सावळा चेहरा दुधासारखा गोरा झाला होता. काका फ्रेम हातात धरून बराच वेळ पाहत राहिले.

"फोटो चांगला आहे," म्हणाले. "बाई कोणची आहे?"

काकू हसल्या, पण फोटो त्यांनी हॉलमध्ये लावलाच. "गोरी दिसून राहिली तं दिसू द्या," म्हणाल्या.

मग काकांना कोरडा खोकला लागला. जिना चढताना ते प्रत्येक वळणावर थांबू लागले. धंतोलीतल्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि सांगितलं की फुप्फुसं आतून कडक होत चालली आहेत. कशामुळे, ते सापडत नाही. बरं होण्यासारखं नाही. काही महिन्यांत घरी ऑक्सिजनचं मशीन आलं. फ्रिजएवढा आवाज करणारं, सतत घुरघुरणारं. काकांच्या नाकात नळी बसली आणि दोन्ही रेकॉर्ड प्लेअरांवर कापड पडलं.

त्याच सुमारास ती नवी आवृत्ती आली. परदेशातल्या कंपनीने लिहिलं होतं की ही थेट मूळ टेपवरून काढली आहे. काका वर्षभर तिची वाट पाहत होते. रविवारी सकाळी त्यांनी मला वर बोलावलं. मशीन आतल्या खोलीत नेलं, लांब नळी जोडली, दार लावलं. तरीही काका मान हलवत राहिले.

"हे माह्या नाकातच फुसफुस करून राहिलं. याच्यात त्याचा श्वास कसा ऐकू येईल? थोडा वेळ काढतो."

"काढू नका," काकू म्हणाल्या.

"एक गाणं, कुसुम."

"तुम्ही गाणं ऐका अन् मी काय पाहू? तुमचं निळं तोंड?"

शेवटी काकूंनी त्यांच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. "मी म्हणीन तेव्हा नळी लावाची. तेव्हा हात आडवा नाही आणाचा." काकांनी मान हलवली आणि भिंतीकडे वळले. काकूंनी नळी काढली, मी सुई ठेवली.

रचना सुरू झाली. चिमट्यावरचा आकडा उतरायला लागला. काका ताठ बसले होते, पण खांदे वरखाली होत होते. सॅक्सोफोनचा तो लांब सूर सुरू झाला तेव्हा त्यांच्या ओठांचा रंग बदलला होता. काकूंनी नळी उचलली. काकांनी हात आडवा आणला, पण हातात जोर नव्हता. काकूंनी तो बाजूला सारून नळी नाकात बसवली, आणि त्या फुसफुशीत ती श्वासाची जागा निघून गेली.

मी सुई उचलली. काकांना बोलता येण्याइतका दम यायला वेळ लागला.

"आला का?" त्यांनी मला विचारलं.

माझं लक्ष त्यांच्या ओठांकडे होतं.

"आला," काकू म्हणाल्या. "पण थो नाही हा."

"म्हंजे?"

"तुमचा थो सूर संपल्याबरोबर घेते. हा थोडा थांबते, मंग घेते. अन् पुढची ओळ बी वेगळी आहे जराशी. हे दुसऱ्या टायमाचं वाजवणं आहे."

काकांनी मला साहेबांची जुनी आणि ही नवी, दोन्ही रेकॉर्डी पुन्हा लावायला सांगितल्या. त्या वेळी नळी नाकातच होती, आणि ते भिंतीकडे नाही, काकूंकडे पाहत होते. काकूंचं बरोबर होतं. स्टुडिओत एकच रचना दोन-तीनदा वाजवतात आणि त्यातली एक निवडतात. कंपनीने दुसरीच छापली होती. काकांनी त्यावरून अंदाज बांधला की निवडलेली टेप आता कोणाकडेच उरली नसेल. पण ते त्याविषयी फारसं बोलले नाहीत.

"तुले इतकं ऐकू येते," त्यांनी काकूंना विचारलं, "तं मले सांगितलं काहून नाही इतकी वर्षं?"

"तुम्ही विचारलं कवा? बोलाचं नाही, हाच तं नियम होता."

काकांनी शेजारची खुर्ची थोपटली. मग म्हणाले, "बस वं इथं."

त्यानंतर काही आठवडे काकू त्यांच्या शेजारी बसून ऐकत आणि काय गायब झालं ते काकांना सांगत. काका डोळे मिटून मान हलवत. मी एकदोनदाच गेलो. तिथे तिसऱ्याचं काम नव्हतं.

दिवाळीनंतर त्यांना धंतोलीतल्या दवाखान्यात दाखल करावं लागलं; मी सोबत होतो. व्हेंटिलेटर लावायची वेळ आली तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, एकदा लावला की काढता येण्याची आशा नाही. काकांनी आधीच काकूंचा हात धरून सांगून ठेवलं होतं, तो नको. राहुल पुण्याहून फोनवर ओरडत होता, "लावा, मी येतो तोवर तरी लावा." काकूंनी फोन माझ्याकडे दिला आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "नका लावू." राहुल पोहोचायच्या आत, दुपारी, काका गेले.

घाटावर बुद्धवंदना झाली. परतताना राहुल सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणाला, "आईनं व्हेंटिलेटर लावू दिला नाही." आठवडाभर माय-लेक एका घरात राहिले आणि त्याने आईच्या हातचा चहा घेतला नाही. जाताना तो मला हात जोडून भेटला आणि तिला नुसतं "येतो" म्हणाला.

भेटायला येणाऱ्या बायका काकूंपाशी बसत, पाठीवरून हात फिरवत आणि विचारत, शेवटी काही बोलले का, कोणाचं नाव घेतलं का. काकू पहिल्या एकदोघींना नुसतं नाही म्हणाल्या. तिसरीने पुन्हा विचारलं, तेव्हा त्यांनी पदर सावरला आणि शांतपणे सांगितलं,

"काही नाही बोलले, बाई. बोलायले हवा लागते."