जेवाले बोलावलेल्या बैलापुढचं गवत

फोन कानाले नीट लाव जरा. समोर असती तं हात लांबवून कानच धरला असता. काल तू नागपुरातून मले एक फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "मोठी आई, बाबा म्हणतात हे हत्तीघास आहे. आहे का?" बाप्पा, हा काय फोटो झाला? मागल्या खेपेले वावरात उभ्यानं वरून काढलेला, नुसता हिरवा पसारा. माणसाच्या डोक्यावरचा भांग पाहून कोणी त्याचं आडनाव सांगते का? तुह्या फोनातल्या ओळखणाऱ्या यंत्रानं त्याले मका म्हटलं म्हणते तू. चांगलं आहे. तुह्या बापाले एक जोडीदार भेटला.

मी तुह्या बापाची वहिनी, त्याच्याच पोरीपाशी त्याले नावं ठेवू नये हे समजते मले. तरी ठेवते. दोन घरांत एकच कुडाची भिंत आहे, त्याचं घोरणं बी मी ऐकते, मंग त्याचं शहाणपण काहून सोडू?

लग्न होऊन या घरी आली तेव्हा वावराचा रस्ता गायरानातून होता. दिवाळीनंतर तिथून चाललं की लुगड्याच्या काठाले कुसळं भरायची. सांजेले ओट्यावर बसून एकेक उपटावं लागे. उपटता उपटता पाहू लागली. कुसळाचं शेपूट पिळलेलं असते, थुंकी लावली की आपोआप फिरते आणि टोक कापडात घुसते. म्हटलं, हे तं बरमा घेऊन फिरून राह्यलं. मंग पवन्या पाहिला, मारवेल पाहिली. मारवेलीच्या पेऱ्याले लव असते, पाटलीसारखी गोल. असं करत करत शिकली. कोणी शिकवलं नाही, कारण ज्याले विचारावं तो म्हणे, "गवतच तं आहे."

या तीन शब्दांचा मले जितका तिटकारा आहे तितका सापाचा नाही. गवतच तं आहे म्हणणारा माणूस सकाळी पोळी खाते, दुपारी भाकर, रातच्याले भात, वरून चहात साखर. गहू गवत, ज्वारी गवत, धान गवत, ऊस गवत. जन्मभर गवत खाऊन ढेकर देते आणि गवताले ओळख देत नाही.

तर यंदा तुह्या बापानं बोरी अरबच्या बाजारातून 'आफ्रिकेचं गवत' आणलं. एका पोत्यात कांड्या, एका पोत्यात मुळासकट ठोंबं, आणि एक बियाची पुडी. विकणाऱ्यानं सांगितलं, तिन्ही एकच, तिकडं हत्ती खाते. तुह्या बापाले दुसरं काय पाहिजे. हत्ती खाते म्हटल्यावर आपला बैल नाही म्हणेल का.

मी बांधावर गेली. म्हटलं, "भाऊजी, हत्तीघासाची कांडी लावतात. बी कोणी पेरते का?"

"वहिनी, आफ्रिका किती लांब आहे? तिथून कांडी येईल का बी येईल? तुमीच सांगा."

"मंग या कांड्या कुठून आल्या?"

"त्या इकडच्या आफ्रिकेच्या."

असं बोलते तो. आणि बोलून झाल्यावर मिशीवरून हात फिरवते, जसं काही मले गप्प केलं. मी गप्पच झालती, पण ते हसू येऊन राह्यलं म्हणून.

आता तू नीट ऐक, पुढच्या फोटोच्या वेळी कामी येईल. तिन्ही गवतं आफ्रिकेच्या माळरानातलीच, ते त्या विकणाऱ्यानं खरं सांगितलं. पण एका गावचे सगळे एका घरचे नसतात. हत्तीघास हे बाजरीच्या घरचं. त्याचं कणीस बाजरीसारखंच दाट आणि केसाळ, बाटली घासायच्या ब्रशासारखं. ठोंबं होती ती गिनी गवताची. ते वरईच्या घरचं, फुलोरा मोकळा, दाणे बारीक, आणि फुलोऱ्याच्या बुडाच्या काड्या छत्रीसारख्या एकाच जागेवरून फुटलेल्या. आणि पुडीतलं होतं ते सुदान गवत. ते ज्वारीच्या घरचं. सख्खं. ज्वारी बी मुळात तिकडूनच आली म्हणतात, इतकी जुनी पाहुणी की आपल्याले वाटते इथलीच.

फुलोरा आला तं आंधळाही हात लावून सांगेल. लहानपणी मात्र हत्तीघास आणि सुदान दोन्ही सारखी दिसतात. लांब पान, मधातून पांढरी शीर. तेव्हा पान खोडापासून अलगद मागं वाकवायचं आणि सांध्यात पाहायचं. तिथं एक जिभली असते. हत्तीघासाले जिभलीच्या जागी नुसते पापणीसारखे केस असतात. सुदानले कांद्याच्या सालीवाणी पातळ पापुद्रा असते, ज्वारीले असते तसाच. मी त्या पुडीच्या रोपाचं पान वाकवलं आणि पापुद्रा दिसला.

तुह्या बापाले दाखवला. तो म्हणे, "वहिनी, चष्म्याचा नंबर वाढला तुमचा."

आता ज्वारीच्या घरचं असलं तं काय बिघडते, असं तुले वाटेल. तुले वाटलं तं माफ, तू कापूस न् सोयाबीन पाहतच वाढली. पण तुह्या बापानं जन्म ज्वारीत काढला. ज्वारी कापल्यावर बुडातून जे कोवळे फुटवे येतात त्याले किरळ म्हणतात. किरळीत जहर असते. ढोरानं चार घास खाल्ले की धापा टाकते, तोंडाले फेस येते, आणि डॉक्टर गाडीले किक मारेपर्यंत पाय झाडून मोकळं होते. आमच्या लहानपणी गुराखी एकवेळ देवाले विसरे, पण ज्वारीच्या कापणीनंतर धुऱ्यावर ढोर सोडत नसे. आता शिवारात ज्वारी राह्यली नाही. ज्वारी गेली तशी या लोकांच्या डोक्यातून किरळही गेली. डोकं तेवढंच छोटं असेल, एक बाहेर निघाल्याशिवाय दुसरं मावत नसेल.

तुही आई तशी नाही. पण तुही आई नवऱ्याचं ऐकते. हा एकच दोष, पण मोठा.

आणि तिची ती बैलजोडी. तुले सांगायची गरज नाही, पण सांगते. गाय वासरू देऊन मेली, दुसऱ्या वर्षी दुसरी गाय आटली, तेव्हा दोन्ही गोऱ्ह्यांले तुह्या आईनं बोटानं दूध चाटवून वाढवलं. ते बैल तुह्या बापाच्या हाकेले मान हलवत नाहीत, तुह्या आईच्या बांगडीले उभे राहतात. ती जोडी गेली तं तुही आई बसलेली उठणार नाही, हे मी पोळ्याच्या आधीही समजून होती.

पोळ्याच्या आदल्या सांजेले तिनं त्यांचे खांदे लोण्या-हळदीनं शेकले आणि कानात सांगितलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मी उंबरठ्यावरून ऐकलं. एकदा आवतन दिलं की बैल बैल नसते, पाहुणा असते.

दुसऱ्या दिवशी तोरणाखालून जोडी घरी आली. बाशिंग, झूल, शिंगाले बेगड. तुह्या आईनं पाय धुतले, ओवाळलं, पुरणाची पोळी चारली. आणि तुहा बाप मागून एक भारा घेऊन आला. कोवळा, वीतभराचा, हिरवागार. त्या पुडीचं बी पेरलेल्या पट्ट्यातला. श्रावण लागताना त्यानं तो पट्टा कापलता, मंग पावसानं उघाड दिली, जमीन तापली, आणि दोन सरी येताच बुडातून फुटवे निघालते. म्हणजे नेमकी किरळ. मारायले याच्याहून चांगला मुहूर्त नाही.

"हे मोठं झालेलं काहून नाही आणलं?" मी विचारलं.

"पाहुण्याले कोवळं वाढतात, वहिनी. जून वाढतात का?"

बोलणं वाईट नव्हतं, हे कबूल करा लागते. या माणसाच्या तोंडून वर्षातून एकदा बरं वाक्य निघते आणि तेही अशा वेळी.

त्यानं भारा बैलांपुढं टाकला. थोरल्या बैलानं मान खाली घातली. मी पुढं झाली आणि भारा ओढून घेतला. दोन्ही हातांनी, पदर खोचून. बैलाच्या ओठात चार काड्या होत्या, त्याही काढल्या. सगळी आळी अंगणात उभी होती. भारा मी मागच्या शेणखताच्या खड्ड्यात टाकला आणि वरून शेण लोटलं, शेजारच्या बकऱ्या लागू नये म्हणून.

परत आली. तुही आई हातात आरतीचं ताट घेऊन उभी. ती ओरडली नाही. ओरडली असती तं बरं झालं असतं.

"बाई," ती म्हणे, "आवतन म्या दिलतं. जेवाले बसलेल्याच्या पानातलं काढून घेतलं तुमी."

"अवं, ते ज्वारीच्या घरचं आहे. किरळ आहे ते."

"त्यायनं सांगितलं हत्तीघास आहे."

"त्याले मांजर दाखवलं तं तो वाघ म्हणेल."

"मंग वाघ असेल," तुही आई म्हणे, आणि आत गेली.

त्या दिवसापासून तिनं माह्या घरचा उंबरठा ओलांडला नाही. विरजण मागायले बी येत नाही. भिंतीपलीकडून तिची बांगडी वाजते आणि मी इकडं भाकर थापत राहते. बायका नळावर म्हणतात, म्हातारीनं पोळ्याचा घास हिरावला, घराले भोवेल. त्याच बायका सांजेले बकरीसाठी बांधावरून जे हाती येईल ते ओरबाडून नेतात. त्यांचं मत मी मनावर घेत नाही. तुह्या आईचं घेते.

तुहा बाप तं आता जिंकल्यासारखा फिरते. परवा पारावर चारचौघांत म्हणे, "काय झालं असतं, वहिनी? काहीच झालं नसतं."

म्हटलं, "बैल उभे आहेत म्हणून विचारता येऊन राह्यलं, भाऊजी."

लोक हसले. तोही हसला. त्याले वाटलं लोक माह्यावर हसले.

आता खरं काम ऐक. त्या पुडीच्या पट्ट्याच्या टोकाले बाभळीच्या काट्यांत एक रोप राह्यलं, श्रावणात तिथं विळा पोहोचला नव्हता. ते दसऱ्याले फुलोऱ्यावर आलं. मी जाऊन पाहून आली. मोकळा फुलोरा, रोगानं झडलेल्या ज्वारीच्या कणसासारखा, आणि दाणे जोडीजोडीनं. एक भरलेला, बाजूले एक देठावरचा पोचट. ज्वारीचंच वळण. तुह्या आईनं माहेरी ज्वारी खुडली आहे, तिच्या तळहातावर ठेवलं तं ती डोळे मिटून सांगेल. पण माह्या हातून ती घेणार नाही, आणि तुह्या बापाच्या हातून ते कणीस घरी येणार नाही.

तो या आठवड्यात पट्टा कापायचं म्हणून राह्यला. कापला की दिवाळीत ढोरं पुजतात त्या गायगोधनाच्या दिवशी पुन्हा वीतभराचे फुटवे तयार. पुन्हा ओवाळणं, पुन्हा "पाहुण्याले कोवळं वाढतात." तेव्हा मी अंगणात शिरली तं तुही आई मले बैलापर्यंत पोहोचू देणार नाही.

म्हणून तू ये. दिवाळीची वाट पाहू नको, त्याच्या आधी ये. स्टँडवरून थेट वावरात जा, बाभळीतलं ते कणीस तोड, हाताले काटे लागतील तं लागू दे, आणि आईच्या हातात दे. काही बोलू नको, फक्त विचार, आई, हे कोणाच्या घरचं. मंग इकडं माह्याकडं ये. ठेचा न् भाकर करते. आईलेही संगं घेऊन ये, येत असली तं.