मूळ फ्रेमला हात लावायचा नाही

मला नोकरीवरून काढलं ते एका राखाडी आभाळापायी, आणि त्याचा मला आजही काडीचा पस्तावा नाही. असलाच तर एवढाच, की त्या दिवशी आणखी चार गोष्टी ऐकवायच्या राहून गेल्या.

तेव्हा आम्ही जयपूरला जवाहर नगरात राहत होतो. बाबा बँकेत, त्यामुळे बदली आमच्या पाचवीलाच पुजलेली. माझं कॉलेज तिथेच झालं, तोंडात हिंदी बसली, आणि नेमकी तेव्हाच बाबांची पुण्याला बदली आली. मला जायचं नव्हतं. मालवीय नगरातल्या एका स्टुडिओत मला तीन महिन्यांच्या बोलीवर काम मिळालं होतं. घरात ठरलं ते असं: नोकरी पक्की झाली तर मी तिथेच पेइंग गेस्ट म्हणून राहायचं, नाहीतर मुकाट्याने पुणं गाठायचं. बाबांनी ट्रकमध्ये जायच्या सामानाची यादी केली. एकविसाव्या ओळीवर लिहिलं, ‘मुलीची ट्रंक’.

“पक्की झालीस की खोडू,” ते म्हणाले.

बाबांची खोडायची रीत ऑफिसातली. गिरवागिरव चालायची नाही, व्हाइटनर तर घरात यायचाच नाही. चुकलेल्या शब्दावर एकच बारीक रेघ, खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी सही. वाण्याच्या यादीवरसुद्धा. आई विचारायची, साबुदाण्यासाठी साक्षीदार पण बोलावू का?

आमचा स्टुडिओ लग्नाच्या व्हिडिओंवर उभा होता. मालकांना सगळे सर म्हणत. तिथला रिवाज असा, की दारातून टेप आत आली की आधी तिला चमकवायचं. बाकीचं काम मग. लाल लेहंगा आणखी लाल, हळद आणखी पिवळी, दिवे आणखी झगझगीत. लग्नघरच्यांना तेच हवं असायचं, त्यामुळे त्यात काही गैर नव्हतं. सरांच्या टेबलावरच्या टीव्हीचं रंगाचं बटणही पार टोकाला नेऊन ठेवलेलं होतं. त्या टीव्हीवर बातम्या देणारी बाईसुद्धा बोहल्यावर चढल्यासारखी दिसायची.

मग मुंबईच्या एका लॅबमधून, हार्ड डिस्कवर, सिनेमाचा शॉट आला. गच्चीवर नायिका उभी, मागे संक्रांतीचं आभाळ. गोष्ट जुन्या काळातली होती आणि मागच्या इमारतीवर मोबाइलचा टॉवर उभा होता. तो काढून तिथे आभाळ बसवायचं, आणि त्याच्यासमोर उडणारे नायिकेचे केस शाबूत ठेवायचे, हे माझं काम. अशा जोडकामाला आम्ही कंपोझिटिंग म्हणतो.

आता रीळ स्कॅन होऊन आलेली फ्रेम दिसते कशी, तर राखाडी, धुरकट, तापातून उठल्यासारखी. तिला लॉग म्हणतात. ती तशी दिसते, कारण ढगातला सगळा उजेड आणि केसातला सगळा अंधार तिने धरून ठेवलेला असतो. काम करताना वर फक्त बघण्यापुरता रंग लावायचा. त्यासाठी लट नावाची वेगळी फाइल असते. ती स्क्रीनवर रंग दाखवते, फ्रेमला हात लावत नाही. मी हे आईला समजावताना म्हटलं होतं, “मीठ नंतर घालता येतं गं. जास्त झालं तर काय करशील?”

“बटाटा टाकीन,” आई म्हणाली. आमच्या घरात कुणालाच काही समजावायची सोय नव्हती.

मी तरी हे कुठे पोटातून शिकून आले होते? पहिल्याच आठवड्यात त्याच लॅबने दिलेला सरावाचा एक शॉट मीही छान चमकवून पाठवला होता. लॅबमधल्या भैयांनी फोनवर माझी बिनपाण्याने केली. “मॅडम, आमच्याकडे येतं ते आम्ही लॉगच धरतो, पडद्याचा रंग आमचं मशीन चढवतं. तुम्ही आधीच चढवलात तर तो दोनदा चढणार, मतलब सत्यानाश.” मी ते वहीत लिहून ठेवलं आणि पुन्हा ती चूक केली नाही.

दोन आठवड्यांनी टॉवर निघाला. केस जागच्या जागी राहिले. मी लटशिवायची, जशी लॅबला जायची तशी राखाडी फ्रेम तपासत होते, तेवढ्यात सर मागे येऊन उभे राहिले.

“ये क्या है बेटा? धुला हुआ कपड़ा?”

मी लट लावून दाखवली. त्यांनी मान हलवली, म्हणाले, पण फाइल तर फिकीच आहे ना, बघणारे म्हणतील जयपूरवाल्यांना रंग कळत नाही. आणि त्यांनी सीनियरला बसवून तो सगळा शॉट लग्नाच्या फॉर्म्युल्याने चमकवून घेतला. वर फाइल हलकी व्हावी म्हणून साध्या आठ बिटमध्ये, म्हणजे मोजक्याच छटांमध्ये, उतरवला. नायिकेचे गाल लालबुंद, आभाळ पांढरंफटक. सर खूश.

माझं डोकं फिरलं. मी दोन्ही फाइली शेजारी शेजारी उघडल्या आणि दोन्हींचा उजेड खाली ओढला. माझ्या राखाडी आभाळातून एकेक करून सात पतंग वर आले, लांबचे, टिकलीएवढे. त्यांच्या आभाळात पांढऱ्याचं नुसतं करडं झालं. पतंग नाहीतच. एकदा पांढऱ्यात गेले ते कुणाच्या बापाला परत आणता येत नाहीत, असं मी म्हणाले. ‘बापाला’ म्हणायला नको होतं बहुतेक.

सरांनी दोन्ही नीट बघितल्या. मग म्हणाले, “पतंग कौन देखता है? हीरोइन दिखनी चाहिए.”

“जयपुर में बैठकर ये कह रहे हैं, सर?”

संक्रांतीला अख्खं जयपूर पतंग उडवायला गच्चीवर असतं. सर शांतपणे म्हणाले, तुझं फोल्डर पुसून टाक, सोमवारपासून येऊ नकोस. मी सांगितलं, येणार नाही, पण पुसणारही नाही. पुसायचं तर तुमच्या हाताने पुसा. जाताना मॉनिटरवर हिंदीत चिठ्ठी चिकटवली: मूळ फ्रेमला हात लावायचा नाही.

घरी सांगितलं. आई म्हणाली, “जरा गोड बोलली असतीस तर?”

“गोड बोलून पतंग परत आले असते का?”

दुसऱ्या दिवशी बाबांनी माझ्या ट्रंकेला नवं कुलूप आणलं. ते कुलूप बघून मात्र मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला. त्या आठवड्यात मी भांडी कागदात गुंडाळली, पुस्तकं बांधली आणि आईशी दिवसातून तीनदा भांडले.

ट्रक यायच्या दोन दिवस आधी संध्याकाळी बेल वाजली. दारात सर. खोक्यांमधून वाट काढत ते एका पेटीवर टेकले. आईने चहा दिला. त्यांनी अर्धा संपवला आणि मग सांगितलं: लॅबने शॉट परत पाठवला होता. रंगावर रंग चढून नायिकेचा चेहरा भाजल्यासारखा नारिंगी झाला होता आणि दिग्दर्शकाने पहिला प्रश्न विचारला होता, माझे पतंग कुठे गेले?

“तेरा फ़ोल्डर है अभी,” सर खाली बघत म्हणाले. “मैंने मिटाया नहीं.”

विसरले होते की पुसायला हात धजला नव्हता, हे मी कधी विचारलं नाही. मी विचारलं ते एवढंच, की पक्क्या नोकरीचं पत्र कधी देता. आई स्वयंपाकघराच्या दारातून डोळे वटारत होती. मी पुढे सांगितलं, आजपासून दारात काहीच चमकवायचं नाही.

“शादीवाला तो करने दे,” ते जवळजवळ गयावया करत म्हणाले.

“करा की. पण मूळ प्रत बाजूला ठेवून.”

दुसऱ्या दिवशी माझी राखाडी फाइल जशीच्या तशी लॅबला गेली. तिसऱ्या दिवशी फोन आला: चालेल. सरांनी पत्र टाइप करून घेतलं, चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा, पण सही केली.

मी घरी आले तेव्हा ट्रक दारात लागला होता. बाबांनी पत्र दोनदा वाचलं, खिशातून यादी काढली आणि एकविसाव्या ओळीवर एक बारीक रेघ मारली. शेजारी सही केली.

आई म्हणाली, “आता तरी पुरतं खोडा.”

“राहू दे,” बाबा म्हणाले. “तिला कधी परत यावंसं वाटलं, तर वाचता यायला हवं.”

ती यादी मी मागून घेतली. परत काही मी गेले नाही. पण खालची अक्षरं अजून स्पष्ट वाचता येतात.