एकादशीचा काढा
झाडाच्या पिवळ्या सालीचा कडवट वास स्वयंपाकघरात पसरला की उत्तरेकडच्या जयेंद्रगंजातलं आमचं दुसऱ्या मजल्यावरचं घर आठवतं. त्या पावसाळ्यात वडिलांचे गुडघे सुजून गरम झाले होते. चीनमध्ये डॉक्टरी शिकणाऱ्या भावानं सुट्टीत येताना तिथल्या काढ्याच्या पुड्या आणल्या. अंगात साचलेला ओलावा आणि उष्णता त्यानं जाते, असं तो म्हणाला. पुडीत ती साल, दोन मुळांच्या चकत्या आणि जवासारखे पांढरे दाणे होते. एकादशीच्या सकाळी आई ताटात पुडी पसरून दाणे वेचायला बसली. "आई, औषध आहे ते!" भाऊ ओरडला. "असू दे. आज त्यांचा उपास आहे, धान्य चालायचं नाही." "अगं, असर त्याचाच तर होतो!" आई वेचतच राहिली. वडील लंगडत आले, ताटाकडे पाहून भावाला म्हणाले, "रहने दो," आणि आईनं उरलेल्याचा उकळून दिलेला कडूजहर काढा मग उभ्यानंच पिऊन गेले. वेचलेले दाणे आईनं दुसऱ्या दिवशीच्या काढ्यात घातले. आता आई-वडील दोघंही नाहीत, आणि भावाच्या पुड्या माझ्या गुडघ्यांसाठी येतात. मी एकादशी करत नाही. तरी आज सकाळी कॅलेंडर पाहिलं, आणि ताटात पुडी पसरून दाणे वेचायला बसले.