काळी चारचा हट्ट

माझं बूड कधी स्थिर नव्हतं. याला पाटावर बसवलं तर पाट दमेल, असं आई म्हणायची. तळोज्याच्या एका कारखान्यात, प्रयोगशाळेत मी नोकरीला होतो. तिथे नमुना तापत ठेवला की वीस मिनिटं गप्प बसायचं असतं, आणि तेवढ्यात मी चारदा उठून बघायचो. घरी आलो की तेच हात गिटारच्या खुंट्यांवर. नव्वदच्या सुमाराची ही गोष्ट. नवीन पनवेलच्या आमच्या दोन खोल्यांत आई, ताई, मी आणि माझं ते टिंग टिंग.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, प्राथमिक शाळेत शिक्षिका. ती गायची आणि काळी चारमध्ये गायची. पेटीवरची चौथी काळी पट्टी हा तिचा सा. आमच्या कॉलनीतल्या बायका माणसाची उंची सांगावी तशी गाणारणीची पट्टी सांगायच्या, आणि ताईची काळी चार सगळ्यांना पाठ होती. मला गिटारवर धड येत होते ते मोजून पाच-सहा कॉर्ड, त्यातून निघायची पांढरी तीन, काळी चारच्या चांगलीच खालची. म्हणून मी मुंबईहून एक कॅपो आणला. धातूची छोटी दांडी आणि तिला भोकं पाडलेला जाड इलॅस्टिकचा बंद. गिटारच्या मानेवर चौथ्या घरात तो आवळला, की बोटं तीच ठेवून सूर थेट काळी चारला पोचायचा. मला तर जादूच वाटली होती.

पुढे ताईच्या गळ्यातली गाठ काढावी लागली. शस्त्रक्रिया नीट झाली, पण आवाज खाली उतरला तो उतरलाच. डॉक्टरांनी सांगितलं, गा, पण ओढून गाऊ नका. ती वर्षभर गायलीच नाही. मग येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गा, असा बायकांनी आग्रह केला तेव्हा मला म्हणाली, एकच गाणं गाईन, पांढरी तीनमध्ये, आणि साथीला तू. म्हणजे कॅपो न लावता. मला आनंद व्हायला हवा होता. पण मला ती काळी चार परत हवी होती. घरातलं काहीतरी चोरीला गेलंय आणि सगळे गप्प बसलेत, असं मला वाटत राहायचं.

आमचा रियाज संध्याकाळी. ताई खिडकीकडे तोंड करून मेथी निवडत गायची, मी मागे खाटेवर. एक दिवस मी हळूच पहिल्या घरात कॅपो लावला. तिने विचारलं, पांढरी तीनच ना? मी हो म्हटलं. ती गायली आणि तिला कळलं नाही. आठवड्याने मी दुसऱ्या घरात सरकलो. आपण तिला पायरी पायरीने वर नेतोय, पोचली की सांगू, मग हसेल, असा माझा हिशोब होता. खोटं बोलतोय असं एकदाही मनात आलं नाही.

कॅपोने मात्र मला छळलं. सैल बांधला तर तारा खरखरायच्या, म्हणून मी शेवटच्या भोकापर्यंत ओढायचो. तसा ओढला की तारा ताणल्या जाऊन चढायच्या, आणि प्रत्येक तार वेगळी. मग मी सगळ्यात चढलेल्या तारेशी बाकीच्या जुळवायचो, म्हणजे सगळंच आणखी वर. तोवर बंद थोडा सरकलेला, की परत पहिल्यापासून. ताईचा घसा बसायला लागला. तळोज्याच्या कारखान्यांचा वास आला की घसा बसतो असं कॉलनीत सगळेच म्हणायचे, मीही तेच म्हटलं आणि खुंटी पिळली.

हळदीकुंकवाच्या दिवशी सतरंजीवर चाळीसेक बायका आणि मी एकटा पुरुष. वाण घ्यायला आलास का, म्हणून थट्टाही झाली. कॅपो तिसऱ्या घरात होता, तारा घरूनच त्याच्याखाली जुळवून आणल्या होत्या. पेटीवर शेजारच्या काकू बसणार आहेत हे मला तिथे गेल्यावर कळलं. काकूंनी रिवाजाप्रमाणे सगळ्यांसमोर विचारलं, "काय गं, पट्टी कुठली?"

"पांढरी तीन," ताई म्हणाली. तिने ते स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

काकूंनी सूर धरला. मी सवयीने कॉर्ड छेडला आणि तो पेटीच्या कितीतरी वर वाजला. ताईने वळून गिटारच्या मानेकडे पाहिलं. मी घाईघाईने कॅपो ओढून काढला, पण आवळलेल्या तारांवर जुळवलेलं सगळं आता मोकळं होऊन विस्कटलं होतं, एक तार खाली तर दुसरी वर. मी खुंट्या पिळत सुटलो. बायका तिळगुळाच्या पुड्या चाळायला लागल्या. माझे कान इतके तापले होते की कुठली तार कुठे आहे तेच कळेना.

"राहू दे," ताई म्हणाली. "हात बाजूला घे."

ती पेटीवर गायली. आवाज जाडसर, खालचा, मला अनोळखी. मागून कोणीतरी कुजबुजलं, आवाज उतरला हो हिचा. ते तिलाही ऐकू गेलं असणार, पण ती थांबली नाही. पहिल्या कडव्यानंतर कुजबुजही थांबली. मी गिटार मांडीवर आडवी ठेवून बसलो होतो, आणि तो आवाज चांगला होता. मला लाज वाटली.

घरी येताना मी माफी मागितली. तुझ्या भल्यासाठीच केलं, असंही वर म्हणालो.  जिन्यात किल्ली शोधताना ती म्हणाली, "गळा दुखतोय म्हणून मी तुला तीनदा सांगितलं. दर वेळी तू तारा लावत होतास."

मी आठवून बघितलं. एकदाही ऐकल्याचं मला आठवत नव्हतं.