कारंज्याचं पाणी

दोन हजार सालच्या आसपास आमच्या कॉलनीसमोरच्या चौकात वाहतुकीला शिस्त लागावी म्हणून मोठं गोल बेट बांधलं आणि त्यात कारंजं बसवलं. रस्ता इतका अरुंद झाला, की चंदगडकडे जाणारी एसटी मागेपुढे केल्याशिवाय वळत नसे. त्याच आठवड्यात आमचे नळ मात्र कोरडे होते.

उद्घाटनाच्या संध्याकाळी रंगीत दिवे लागले, कारंजं उडालं. नगरसेवकांचं भाषण सुरू असतानाच आई घागर घेऊन घराबाहेर पडली. मी मागोमाग धावलो. "आई, लोक बघतायत."

"बघू देत की," ती म्हणाली आणि तिनं कारंज्याच्या हौदात घागर बुडवली. तिला पाहून शेजारच्या काकू बादली घेऊन आल्या. हळूहळू बायकांची रांगच लागली.

नगरसेवक भाषण थांबवून खाली आले. "वहिनी, हे पाणी शोभेचं हाय."

"व्हय, पण आमची भांडी शोभेची न्हाईत," आई शांतपणे म्हणाली.

मी आईच्या हातातली घागर घेतली आणि पुढच्या खेपा मीच केल्या.

सकाळी टँकर आला. नंतर कुणी विचारलं, तर आई एवढंच म्हणायची, "धुणं साठलंतं, दुसरं काय."